उडी कुणाची, निर्णय कुणाचा?

दरवर्षी एप्रिलमध्ये इंग्लंडात लिव्हरपूलजवळच्या एंट्री मैदानावर ‘ग्रँड नॅशनल’ ही घोड्यांची शर्यत होते. आमच्याकडे कतारमध्ये तेव्हा शनिवारची संध्याकाळ असते, सुट्टीचा दिवस. मदिनत अश शमाल म्हणजे या देशाचं उत्तर टोक, दोह्यापासून शंभरेक किलोमीटर. इथं करमणूक तशी कमीच, त्यामुळे कुणीतरी टीव्ही लावतं आणि शर्यत बघितली जाते. शर्यत संपली की दरवेळी एकच वाद सुरू होतो: हा खेळ की छळ? आणि आपल्यापैकी कुणी गावच्या बैलगाड्याचं नाव काढलं की तो वाद थेट आपल्या अंगणात येतो.

आधी ही शर्यत काय असते ते बघू. मुंबईच्या महालक्ष्मीला किंवा पुण्याला घोडे धावतात ते सपाट मैदानावर. इथं दोह्यातल्या अल रय्यानच्या रेसकोर्सवरही तसंच. स्टीपलचेसमध्ये मात्र घोडा वाटेतले अडथळे ओलांडत पळतो: फांद्यांचे उंच कुंपण, त्याच्या पुढे किंवा मागे चर, काही ठिकाणी पाणी. ‘स्टीपल’ म्हणजे चर्चचा उंच मनोरा. 1752 मध्ये आयर्लंडात कॉर्नेलियस ओ’कॅलाघन आणि एडमंड ब्लेक या दोघांनी पैज लावली, बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत घोडा कोण आधी नेतो. अंतर चार-साडेचार मैल. रस्ता ठरलेला नव्हता. समोरचा मनोरा बघायचा आणि मधले बांध, ओढे, कुंपणं ओलांडत सुटायचं. आपल्याकडे या गावच्या देवळाच्या कळसापासून त्या गावच्या कळसापर्यंत शेतातून घोडा घालावा, तसंच.

पुढे या पैजेचं मैदान झालं, नियम झाले. ग्रँड नॅशनलची अधिकृत मोजणी 1839 पासून करतात. आज ती जवळपास सात किलोमीटरची आहे आणि घोड्याला 30 उड्या माराव्या लागतात. शो-जंपिंग वेगळं. तिथं घोडा एकटा असतो आणि दांडी पायाला लागली तर ती खाली पडते. स्टीपलचेसमध्ये तीसेक घोडे एकाच वेळी भरधाव येतात. पुढचा पडला तर मागच्याला वळायला जागा नसते. धोका नुसत्या उंचीत नाही. वेग, गर्दी आणि दमछाक एकत्र येण्यात आहे.

हा धोका आता ब्रिटनमध्ये सार्वजनिक प्रश्न झालाय. 2023 मध्ये प्राणीहक्क कार्यकर्ते मैदानात घुसले, शर्यत 14 मिनिटं उशिरा सुटली, 118 जणांना अटक झाली. त्याच शर्यतीत पहिल्याच अडथळ्यावर हिल सिक्स्टीन नावाचा घोडा पडून मेला. त्यानंतर आयोजकांनी नियम बदलले. 2024 पासून घोड्यांची कमाल संख्या 40 वरून 34 वर आणली. पहिला अडथळा सुरुवातीच्या रेषेच्या जवळ घेतला, म्हणजे तिथं पोचेपर्यंत घोड्यांना फार वेग येऊ नये. एका अडथळ्याची उंची कमी केली. त्याआधी 2013 मध्येच अडथळ्यांच्या आतलं कडक लाकूड काढून लवचीक साहित्य घातलं होतं. परिणाम दिसला. 2024 ला 32 घोडे धावले, एकही पडला नाही, 21 जणांनी शर्यत पूर्ण केली.

पण गोष्ट इथं संपत नाही. 2025 मध्ये तेरा वर्षांचा सेलेब्र दालां हा घोडा शर्यतीच्या शेवटी कोसळला आणि काही दिवसांनी गेला. घोडा थकल्यावरही पळवत ठेवला म्हणून त्याच्या जॉकीवर 10 दिवसांची बंदी आली. अडथळा मऊ करता येतो, गर्दी कमी करता येते, पण घोडा दमलाय हे ओळखून लगाम ओढणं शेवटी माणसाच्याच हातात राहतं.

‘स्टीपलचेस’ हा शब्द आज मराठी घरांत माहीत आहे तो घोड्यांमुळे नव्हे, अविनाश साबळेमुळे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा पोरगा, महार रेजिमेंटचा जवान. तो धावतो ती 3000 मीटर स्टीपलचेस याच घोड्यांच्या शर्यतीवरून निघाली: 28 अडथळे, पाण्यावरच्या 7 उड्या. 2019 मध्ये तो दोह्यात जागतिक स्पर्धेला आला होता. प्राथमिक फेरीत दुसऱ्या धावपटूंच्या गुंत्यात सापडला, भारतानं तक्रार नोंदवली, त्याला अंतिम फेरीत घेतलं आणि तिथं त्यानं 8 मिनिटं 21.37 सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला. इथल्या आपल्या लोकांना त्याचा केवढा अभिमान वाटला होता! जुलै 2025 मध्ये मोनॅकोत हाच अविनाश पाण्याच्या उडीवर पडला, गुडघ्याला मोठी दुखापत झाली. हळहळ सगळ्यांना वाटली, पण हा खेळ बंद करा असं कुणी म्हणालं नाही. कारण सरळ आहे. उडी त्याची होती आणि निर्णयही त्याचाच. घोड्याच्या बाबतीत उडी घोड्याची, निर्णय दुसऱ्याचा.

कतारमध्ये राहणाऱ्याला हा फरक उंटांच्या शर्यतीत फार स्पष्ट दिसतो. अल शहानियाच्या ट्रॅकवर एकेकाळी उंटांच्या पाठीवर लहान मुलं बसवत. गरीब देशांतून आणलेली, वजन कमी म्हणून निवडलेली. जगभरातून टीका झाली आणि 2005 मध्ये कतारनं कायदा करून ते बंद केलं. आता उंटाच्या पाठीवर छोटं यंत्र असतं आणि मालक शेजारच्या रस्त्यावरून गाडीत बसून रिमोटनं ते चालवतो. तेव्हा पारंपरिक शर्यत मुलांशिवाय टिकायची नाही असं म्हणणारे होतेच. शर्यत टिकली, मुलं वाचली. उंटाच्या पाठीवर मात्र यंत्राचा चाबूक अजून आहे. तेव्हा प्रश्न अर्धाच सुटलाय, हेही म्हणायला हवं.

आता आपल्या घरचं. सर्वोच्च न्यायालयानं मे 2014 मध्ये जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्रानं 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. डिसेंबर 2021 मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ती दुरुस्ती वैध ठरवली. गावोगाव गुलाल उधळला गेला. आखातातल्या कितीतरी पोरांनी यात्रेची वर्गणी मोबाइलवरून पाठवली आणि शुक्रवारी खोलीत बसून लाइव्ह बारी बघितली. त्यात चूक काही नाही. गाडामालक बैलाला पोराच्या वरताण जपतो, आधी त्याला पेंड घालतो मग स्वतः जेवतो, हेही खरं आहे.

पण न्यायालयानं परवानगी दिली ती नियमांवर भरवसा ठेवून. जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी, पशुवैद्यकाची तपासणी, चाबूक-टोचणीला मनाई. हे नियम कागदावर आहेत की घाटात, हे ठरवणारे आपणच. उद्या कुणी पुन्हा न्यायालयात गेलं तर ‘आमची परंपरा आहे’ एवढं उत्तर पुरणार नाही. ब्रिटनमध्ये घोड्यांच्या शर्यती चालवणारी संस्था मृत्यूंचा हिशेब जाहीर करते. सगळ्या प्रकारच्या शर्यती धरून हजार धावांमागे साधारण दोन घोडे दगावतात. हा आकडा त्यांच्या विरोधकांच्या हातात शस्त्रासारखा आहे, तरी ते तो लपवत नाहीत. त्यामुळे वाद निदान खऱ्या आकड्यांवर होतो आणि कुठला अडथळा बदलायचा तेही कळतं. आपल्या यात्रा समित्यांनीही असा हिशेब ठेवावा: किती बैल धावले, किती जखमी झाले, तपासणीत किती नापास झाले. यात्रेच्या जमाखर्चाशेजारी देवळाच्या फळ्यावर तोही लावावा.

इथून वर्गणी पाठवणाऱ्यांच्या हातातही थोडी ताकद आहे. पैसे पाठवताना एक प्रश्न विचारता येईल: डॉक्टर बोलावलाय का? बारीत टोचणी दिसली तर बक्षीस रद्द होणार का? गावाला हे बाहेरच्या कुणी विचारलेलं आवडत नाही; पण वर्गणीदार आपलाच पोरगा असतो, त्याचं ऐकतात.

स्टीपलचेस बंद व्हावी की चालू राहावी, हे ब्रिटिश लोक ठरवतील. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्ससारख्या राज्यांत ती बंदही झाली. ज्यांनी सुधारणा लवकर केल्या त्यांना लोकांपुढे सांगायला काहीतरी आहे. ज्यांनी टाळल्या त्यांच्या वतीनं कायद्यानं निर्णय घेतला. बैलगाडा टिकावा असं मला मनापासून वाटतं. तो टिकवायचा तर बैलाच्या बाजूनं बोलणारं माणूस घाटातच उभं असायला हवं, कोर्टात नव्हे.