बचावपटूचे मोल

बंगळुरूच्या बसवनगुडीत सायंकाळी फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना विचारा; बहुतेकांना गोल करणाराच व्हायचे असते. गोल अडवणाऱ्याचे नाव गुणफलकावर येत नाही. मात्र त्यामुळे त्याचे काम कमी महत्त्वाचे ठरत नाही, असे मला वाटते.

मुंबईचे बचावपटू राहुल भेके अनेक संघांतून खेळत २०१७ मध्ये बंगळुरू एफसीत आले. मार्च २०१९ मध्ये इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात ११७ व्या मिनिटाला त्यांनी एकमेव गोल केला आणि संघ विजेता ठरला. तो गोल सर्वांच्या लक्षात राहिला. परंतु तोपर्यंत बचावफळीने गोव्याला रोखून धरले नसते, तर त्या गोलाने विजय मिळाला असता का?

भेके भारताकडून प्रथम खेळले, तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीस होते. न दिसणारे श्रम व्यर्थ जात नसतात आणि उशिरा आलेले यशही उणे नसते.