बाटलीच्या पलीकडे पाहताना



गावातली बाटली आडवी करण्यासाठी आपण मोर्चे काढले, मतदान घडवून आणलं, गुत्त्यांवर धडकलो. ती लढाई खरी होती, आजही आहे. पण तिनं आपल्या नजरेला एक सवय लावली. घरात आरडाओरड, उधळपट्टी, रात्रीचं भटकणं दिसलं की आपण आधी बाटली शोधतो, आणि ती सापडली की शोध थांबवतो. या सवयीपायी माझ्या हातून झालेली एक चूक आज तुमच्यापुढे मांडते.

अकलोलीला तानसा नदीच्या काठी गरम पाण्याची कुंडं आहेत. वज्रेश्वरीच्या दर्शनाला येणारे भाविक तिथंही येतात. त्यांना ओटीचं सामान विकणाऱ्या एका बाईला आमच्याकडे आणलं गेलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ती स्वतः आली नव्हती, नवरा, दीर आणि बचत गटातल्या दोघी तिला घेऊन आल्या होत्या. तक्रारी भराभर आल्या: ताडी पिते, आठवडाभर धड झोपलेली नाही, गटाचे पैसे साड्या वाटण्यात उडवले, अनोळखी माणसांच्या गाडीत बसून गेली. ती अखंड बोलत होती. कुंडाशेजारी धर्मशाळा बांधणार, मंत्र्यांना बोलावणार, म्हणत होती. तोंडाला ताडीचा वास होता. मी फाइलवर 'व्यसन' असं लिहिलं, ताडी सोडायची समज दिली आणि तिला घरी पाठवलं. समाजकार्यात एम. ए. केलेली मी, पण 'हे कधीपासून?' एवढा साधा प्रश्न विचारला नाही.

तो प्रश्न न विचारताच तिच्या आईनं त्याचं उत्तर दिलं. तीन आठवड्यांनी त्या एकट्या आल्या आणि म्हणाल्या, "ताई, पहिल्या बाळंतपणानंतर पण ती अशीच जागायची. तेव्हा कुठली ताडी?" मागच्या पावसाळ्यात दोन महिने ती अंथरुणातून उठली नव्हती, मूल रडलं तरी हलत नव्हती. घरच्यांनी त्याला आळस म्हटलं. ताडी आली ती त्यानंतर. "डोकं थांबत नाही, म्हणून घोटभर घेते," असं तिनं पुढे स्वतःच सांगितलं.

ठाण्याच्या मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात निदान झालं: बायपोलर, म्हणजे द्विध्रुवीय विकार. यात माणूस कधी उन्मादाच्या टोकाला जातो, कधी खोल नैराश्याच्या. उन्माद साधारण आठवडाभर किंवा अधिक टिकतो. झोप कमी होते, पण थकवा जाणवत नाही. बोलणं, बेत, खर्च, चिडचिड, लैंगिक धाडस, सगळंच वाढतं. नैराश्य निदान दोन आठवडे, कधी कित्येक महिने राहतं. मधल्या काळात तीच व्यक्ती नेहमीसारखी वागते. बाळंतपणानंतरचे आठवडे विशेष जोखमीचे असतात.

नशेतही असंच काहीसं दिसतं. एम. डी. सारख्या उत्तेजक द्रव्यांनी झोप उडते, बडबड वाढते. दारूनं उदासी येते. मग ओळखायचं कसं? निदान डॉक्टरांचं काम आहे, पण त्यांच्यापर्यंत नीट हकिगत नेणं आपलं. तीन गोष्टी विचारा. आधी काय आलं, झोप गेली की नशा सुरू झाली? नशा नव्हती त्या काळातही असे चढउतार झाले होते का? नशा सुटल्यावर काय उरलं? साधारण महिना उलटूनही लक्षणं कायम असतील, तर आजार स्वतंत्र असण्याची शक्यता वाढते. मात्र महिनाभर वाट पाहत बसू नका. जिवाला धोका दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अनेकदा दोन्ही एकत्र असतं, आणि मग उपचारही दोन्हींचे लागतात.

एक इशारा. रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी अचानक बंद करू नका. दोन-तीन दिवसांत कापरं, भ्रम, झटके येऊ शकतात. ताडीत क्लोरल हायड्रेटसारखी गुंगीची रसायनं मिसळल्याची प्रकरणं महाराष्ट्रात वारंवार उघडकीला आली आहेत. तीही एकदम सोडणं धोक्याचं. आणि डॉक्टरांना केवळ उदासी न सांगता आधीचा उन्मादही सांगा. एकटं नैराश्यावरचं औषध दिल्यास उन्माद उसळू शकतो. व्हॅल्प्रोएट हे औषध गर्भाला अपाय करतं, म्हणून मूल होऊ शकणाऱ्या बाईनं त्याबद्दल जरूर विचारावं.

आता आपल्या चळवळीचा प्रश्न. पुरुष बेताल वागला तर 'दारूनं केलं' म्हणून त्याला माफी मिळते. बाई तशीच वागली तर दारू हा तिच्या चारित्र्याचा पुरावा ठरतो. निदान झालं की तिसरी शिवी तयार असते: वेडी. या बाईचा नवरा निदानानंतर आठवड्याभरात आला. सहानुभूती दाखवायला नव्हे, कागद मागायला, घटस्फोटासाठी. आम्ही दिला नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ तिला गोपनीयतेचा हक्क देतो. मानसिक आजाराचं निदान म्हणजे 'अस्थिर बुद्धी' नव्हे, आणि समाजाच्या नीतिकल्पनांत न बसणं म्हणजे आजार नव्हे, हेही तो स्पष्ट सांगतो. आजाराच्या नुसत्या नावावर घटस्फोट मिळत नाही, आजाराची तीव्रता पाहावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्येच राम नारायण गुप्ता खटल्यात म्हटलं आहे.

लेबलाच्या भीतीनं आजार लपवला तर बाई उपचारांना मुकते. लेबल बेफिकिरीनं वाटलं तर घराला मुकते. म्हणून आजार ओळखायचा आणि त्याच वेळी तिचा हक्क राखायचा, ही दोन्ही कामं आपलीच.

तिचं प्रकरण अजून संपलेलं नाही. गोळ्या चालू आहेत. रक्ततपासणीसाठी ठाण्याला जायचं म्हणजे एक दिवसाची विक्री बुडते. गटातल्या बायकांनी त्या दिवशी तिची टोपली सांभाळायची पाळी लावली आहे. गटाचे पैसे ती हप्त्यानं फेडते आहे.

फाइलवरचा 'व्यसन' हा शब्द मी खोडला नाही. त्याच्याखाली तारीख घालून खरी हकिगत लिहिली. तुमच्याही कपाटात अशा फाइली असतील. एकदा काढून वाचा, आणि अडलं तर टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर विचारा.