मुक्तस्रोत आज्ञावलीची दुरुस्ती व आपलें कर्तव्य

नीरा डाव्या कालव्याचें पाणी बारामती तालुक्यांतून पुढें इंदापूर तालुक्यांत येतें. १८८५ सालच्या सुमारापासून या पाण्यावर आपल्याकडील मळे पिकत आले आहेत. कालव्याच्या मुखाशीं ज्याचें शेत आहे, त्यास पाणी कमी झालेलें सहसा कळत नाहीं. गाळ सांचला किंवा भराव फुटला, तर तें प्रथम समजतें टेलच्या शेतकऱ्यास. त्याचें पीक सुकतें, म्हणून तोच ओरड करतो. आणि त्या ओरडीमुळें दुरुस्ती झाली म्हणजे लाभ सर्वांचाच होतो. आज आम्ही ज्या विषयावर चार शब्द लिहूं इच्छितों, तो कालव्याचा नसून संगणकाचा आहे. परंतु तेथेंही मुख आणि टेल आहे, व आपण मराठी लिहिणारे लोक टेलवर आहों.

अनुदिनी, म्हणजे ब्लॉग, चालविण्यासाठीं जी आज्ञावली जगांत सर्वांत अधिक वापरली जाते, ती वर्डप्रेस होय. ती पीएचपी नांवाच्या संगणकीय भाषेंत लिहिलेली असून मुक्तस्रोत आहे. म्हणजे तिचा मूळ मजकूर कोणींही वाचावा, बदलावा व इतरांस द्यावा, अशी मुभा तिच्या परवान्यांतच आहे. तिचा जन्मच मुळीं दुरुस्तींतून झाला. मिशेल वाल्ड्रिगी या गृहस्थांनीं रचलेल्या बी२ नांवाच्या आज्ञावलीकडे लक्ष देण्यास पुढें कोणी उरलें नाहीं, तेव्हां मॅट मुलेनवेग व माईक लिटल या दोघांनीं ती उचलून नीटनेटकी केली आणि २००३ सालीं २७ मे रोजीं वर्डप्रेस या नांवानें प्रसिद्ध केली. यांपैकीं मुलेनवेग हे त्या वेळीं अवघे एकोणीस वर्षांचे विद्यार्थी होते, हें आमच्या विद्यार्थिवाचकांनीं विसरूं नये.

आतां टेलवर काय दिसतें तें पाहूं. साधें इंग्रजी अक्षर संगणकाच्या स्मृतींत एक बाइट जागा घेतें. यूटीएफ-८ या रूढ पद्धतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतें. ‘बारामती’ आणि ‘इंदापूर’ या दोन्ही शब्दांत काना, वेलांटी, अनुस्वार धरून सात सात चिन्हें आहेत. म्हणजे प्रत्येकाचे एकवीस बाइट झाले. एखाद्या आज्ञावलीकारानें शब्दाचे पहिले दहा बाइट तोडून घेण्याची आज्ञा लिहिली, तर इंग्रजींत दहा अक्षरें मिळतात. मराठींत तीन चिन्हें मिळून चौथ्याचा तुकडा पडतो, व वाचकास तेथें भलतीच खूण दिसते. दुसरें उदाहरण घ्या. लेखाचा पत्ता वर्डप्रेस मथळ्यावरून तयार करतें आणि त्यास २०० चिन्हांची मर्यादा आहे. पण पत्त्यांत देवनागरीचें एक चिन्ह नऊ रोमन चिन्हांनीं लिहिलें जातें. ‘बारामतीचे मोरोपंत आणि त्यांची कविता’ असा मथळा कोणीं दिला, तर पत्ता ‘आणि’च्या पुढें अर्ध्या ‘त्’वर तुटतो. इंग्रजी लिहिणाऱ्यास हा दोष जन्मांत दिसावयाचा नाहीं.

हे दोष केवळ शोभेचे आहेत असें कोणीं समजूं नये. आमच्या परिचयाच्या एका शाळेनें मुलांचे निबंध कांहीं वर्षें अशा अनुदिनीवर ठेविले होते. तें सर्व एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवितांना लिपीची नोंद चुकली, आणि निबंधांच्या जागीं नुसतीं प्रश्नचिन्हें उरलीं. अक्षराचें एकदां प्रश्नचिन्ह झालें म्हणजे मूळ अक्षर ओळखतां येत नाहीं. नक्कल ठेविलेली नव्हती. मुलांचें लेखन कायमचें गेलें.

दुसरा प्रकार आवृत्त्यांच्या विसंगतीचा. २०१५ च्या डिसेंबरांत पीएचपीची सातवी आवृत्ति निघाली. तींत डेटाबेसशीं व्यवहार करणाऱ्या जुन्या आज्ञांचा एक संचच गाळला गेला. २०२० च्या नोव्हेंबरांत आलेल्या आठवीनें आणखी कांहीं आज्ञा काढल्या. जुनें टाकल्यावांचून सुरक्षितता व वेग येत नाहीं, हें खरें. पण जीं प्लगिनें त्यांच्या कर्त्यांनीं वाऱ्यावर सोडलीं होतीं, तीं सर्व्हरवरील आवृत्ति बदलतांच बंद पडलीं, आणि वाचकांस लेखाऐवजीं कोरें पान दिसूं लागलें. अशा वेळीं कोणींतरी जुनी ओळ काढून नवी घालावी लागते. तें काम बहुधा दोनचार ओळींचें असतें. मात्र त्या दोनचार ओळी शोधण्यास दोनचार दिवस लागतात.

आपल्याकडे नवें करणाराचें कौतुक होतें; दुरुस्त करणाराचें नांव कोणी घेत नाहीं. हें आम्हांस अनुचित वाटतें. खुद्द पीएचपीचा भार अगदीं थोड्या माणसांवर आहे हें ध्यानीं आल्यावर, तिचें काम करणारांस वेतन मिळावें म्हणून २०२१ सालीं पीएचपी फाउंडेशन स्थापन करावें लागलें. जें फुकट मिळतें तें कोणाच्या तरी श्रमानेंच टिकतें.

कोणी म्हणतील, “हें परदेशांतील तज्ज्ञांचें काम, आम्ही शाळकरी मुलें काय करणार?” आमचें उत्तर असें कीं, दोषाचें नेमकें वर्णन ही अर्धी दुरुस्ती होय. कोणती आवृत्ति होती, काय केलें, काय व्हावयास हवें होतें आणि काय झालें, या चार गोष्टी स्वच्छ लिहिणें विज्ञानाच्या वहींत प्रयोग लिहिण्याहून कठीण नाहीं. प्रयोग मूळ संकेतस्थळावर न करितां त्याच्या नकलेवर करावा, हाही नियम प्रयोगशाळेचाच. तक्रारीचें उत्तर लवकर आलें नाहीं तरी रागावूं नये. पत्त्याची मर्यादा वाढविणें वरवर सोपें दिसतें. परंतु लक्षावधि संकेतस्थळांचे जुने पत्ते व जुने डेटाबेस न मोडतां तें करणें सोपें नव्हे. जुन्या वाचकांस न दुखवितां नव्यांस न्याय देणें हीच या कामांतील खरी कसोटी आहे.

बारामती व इंदापुरांत आज मुलांच्या हातीं संगणक आला आहे. त्यांपैकीं एखाद्यानें जरी आपल्याला दिसलेला एक दोष नीट लिहून कळविला, तरी त्याचा उपयोग देवनागरी लिहिणाऱ्या सर्वांस होईल. हिंदी व नेपाळी लिहिणारांसही होईल. टेलचा शेतकरी गप्प बसला, तर मुखाशीं बसलेल्यास सर्व कांहीं ठीकच वाटत राहतें.