पोच घ्या

दिवाळी अंकात हॉस्पिटलचा विषय कशाला, असे काही स्नेह्यांनी विचारले. साध्या ऑपरेशनला गेलेले माणूस जखम चिघळून गेले, त्या घरातून असा प्रश्न येत नाही. तिथून पत्रे येतात आणि त्यांत बहुधा एवढेच असते: दाद मागायची आहे, पण हातात काहीच नाही. यंदाचा विशेष विभाग त्यांच्यासाठी आहे.

औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात जुलै 1963 मध्ये एका बाळंतिणीची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. मग ताप चढला, पोट दुखू लागले. पोट पुन्हा उघडले तेव्हा आत टॉवेल राहिलेला आणि पू झालेला. त्याच महिन्यात ती गेली. घरच्यांनी दावा लावला. खालच्या कोर्टाने दिलेली 36 हजारांची भरपाई उच्च न्यायालयात गेली, ती सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली पुन्हा बहाल केली. टॉवेल नेमका कोणाच्या हातून राहिला हे घरच्यांनी सिद्ध करण्याची गरज नाही, असा तो निकाल. तोवर 33 वर्षे उलटली होती.

टॉवेल निदान दाखवता तरी येतो. जंतूचे तसे नाही. संसर्ग झाला म्हणजे हलगर्जी झालीच, असे कायदा मानत नाही आणि ते योग्यच आहे. उत्तम आयसीयूतही व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला न्यूमोनिया होतो. विचारायचे ते वेगळेच. त्या दिवशीची अवजारे ऑटोक्लेव्हमधून नीट निघाली का, रंग बदललेली पट्टी वहीत चिकटवलेली आहे का? ताप आल्यावर कल्चर केव्हा पाठवले, आणि रिपोर्ट हाती आल्यावर अँटिबायोटिक बदलायला किती दिवस लावले? त्याच आठवड्यात शेजारच्या खाटांवरही तोच जंतू निघाला होता का? या वह्या सगळ्या रुग्णालयाच्या कपाटात, आणि सिद्ध करायचे मात्र रुग्णाने. या दाव्यांतला मूळ अन्याय हा आहे.

म्हणून आधी कागद. इनडोअर केसपेपर, नर्सिंग चार्ट, कल्चरचे रिपोर्ट लेखी मागा. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरांनी ते 72 तासांत द्यायचे असतात. जपून ठेवण्याचे बंधन मात्र तीनच वर्षांचे. नुसत्या डिस्चार्ज कार्डावर भागवू नका. पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात हे 1995 सालीच ठरले आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि 2019 च्या कायद्यामुळे ती आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. त्याच शाखेच्या दुसऱ्या डॉक्टरांचे लेखी मत मिळवणे सर्वांत जड जाते. एका गावातले डॉक्टर एकमेकांविरुद्ध लिहायला धजत नाहीत, जिल्ह्याबाहेर शोधा. काचा फोडून, रात्रभर जागलेल्या रेसिडेंटच्या अंगावर धावून जाऊन यातला एकही कागद हाती येत नाही.

2021 पासून राज्यातल्या खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. तिच्या शेजारी गेल्या वर्षी किती शस्त्रक्रियांच्या जखमा चिघळल्या तो आकडाही सक्तीने लागावा, आणि निर्जंतुकीकरणाची वही जे रुग्णालय दाखवणार नाही, त्याच्यावरच पुराव्याचा भार पडावा, अशी आमची शासनाकडे मागणी आहे. प्रामाणिक डॉक्टरांचा यात तोटा नाही. परिचारिका अपुऱ्या आहेत हे तेच तर सांगत असतात. आकडा भिंतीवर लागला की व्यवस्थापनाला ते ऐकावे लागेल.

अर्जाचा नमुना शेवटच्या पानावर छापला आहे. दोन प्रती काढा, एकीवर रुग्णालयाचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. अर्ज घ्यायला नकार दिला, तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.