नाक्यावरचे सीमोल्लंघन

काल खंडेनवमी झाली. विळा, कोयता, पाना-पक्कड, शिलाई मशीन, दारातला ट्रॅक्टर, सगळ्यांना ओळीने हळदीकुंकवाची बोटे लागली. त्याच ओळीत कनेरगाव नाक्यावरच्या काही घरांत गळ्यात काळा पट्टा असलेला एक जड जिन्नस पाटावर येऊन बसला. कॅमेऱ्याची पूजा जरा जपून करावी लागते. लेन्स काढलेली असताना हळदीचा एक कण जरी आत सेन्सरवर बसला, तर पुढच्या प्रत्येक फोटोत नेमक्या त्याच जागी ठिपका उमटतो, मग नवरी कितीही देखणी असो. म्हणून कुंकू लागते ते लेन्सच्या झाकणाला. बॅटरी काढून शेजारी मांडायची, मेमरी कार्ड तिच्याजवळ, आणि वरून झेंडूचे फूल नुसते टेकवायचे. हा पाट पाहताना मनात एक शंका येऊन गेली. वाण्याच्या, अडत्याच्या घरी अवजाराच्या जोडीला वही असते, तशी या पाटावर कुठेच नव्हती.

आज दसरा, आणि यंदा, २०२५ साली, दोन ऑक्टोबरही आजच. सीमोल्लंघनाचा हा दिवस आपल्या गावाला शोभतो तितका क्वचितच दुसऱ्या गावाला शोभत असेल, कारण सीमा आपल्या नावातच आहे. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड, अलीकडे मराठवाडा. वाशीम जिल्हा मागे पडून हिंगोली सुरू होतो तो इथेच. आज नाका म्हटले की डोळ्यांपुढे येतात अकोला-नांदेड मार्गावरचा एसटीचा थांबा, चहाच्या टपऱ्या आणि ब्रॉडगेज झालेले रेल्वे स्थानक. आपल्या आजोबांच्या पिढीला मात्र ही दोन राजवटींची शीव होती. १८५३ पासून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात, तर अलीकडचा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या. निजामाच्या राज्यात जकातीला करोडगिरी म्हणत, आणि १८०२ च्या इंग्रज-निजाम व्यापारी तहात तिचा दर शेकडा पाच असा ठरला होता. ते राज्य गेले, ती करोडगिरी गेली, आणि २०१७ च्या १ जुलैला जीएसटी आला तेव्हा मुंबई महापालिकेची जकातही इतिहासजमा झाली. तरी नाका कुठलाही असो, गाठोड्यावर काठी टेकवून विचारायचा त्याचा प्रश्न एकच असतो: हे घरचे आहे, की विकायचे?

हाच प्रश्न आज हौसेने कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या आपल्यातल्या शाळेच्या सरांना, पतसंस्थेतल्या कारकुनाला, कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर बसणाऱ्या पोराला विचारला जातो. विचारणारा शिपाई दिसत नाही, एवढाच फरक. पहिले बारसे पुतण्याचे असते. त्याचे पैसे कोण घेतो? दुसरा साखरपुडा मित्राच्या बहिणीचा. पंगत उठल्यावर मित्राचे वडील खिशात पाकीट कोंबतात, आपण ‘नको, नको काका’ म्हणत ते घेतो आणि घरी येऊन पाहतो तर आत एक हजार एक रुपये. तिसऱ्या वेळी मात्र समोरचाच विचारतो, “सर, हळद आणि लग्न मिळून किती घ्याल?” आपण आकडा सांगतो, वर इसारही घेतो. सीमोल्लंघन त्या क्षणी झालेले असते. त्या दिवशी ना शिलंगणाचे सोने लुटले जाते, ना वाजंत्री वाजते, म्हणून ते आपल्या ध्यानात येत नाही. आपण मनाशी म्हणत राहतो की हा तर आपला छंद.

छंदाने धंदा व्हावे यात कमीपणा काहीच नाही. ज्या राज्यात आपला हा मुलूख होता, त्याच राज्याच्या दरबारी छायाचित्रकाराची वाट अशीच नोकरीतून निघाली होती. लाला दीनदयाळ हे इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रके करणारे नोकरदार. १८७४ च्या सुमारास त्यांनी हौस म्हणून कॅमेरा हाती घेतला. हौस वाढली, कामे येऊ लागली, तेव्हा त्यांनी लांबलचक रजा काढून देवळे-किल्ले टिपत दौरे केले आणि अखेर नोकरी सोडली. १८८५ च्या सुमारास सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले. सिकंदराबादला स्टुडिओ निघाला, १८९६ मध्ये मुंबईला निघाला, आणि ‘राजा’ ही पदवीही मिळाली. आपल्या मनात ठसते ती त्यांची रजा. एक पाय खात्यात आणि एक पाय बाजारात ठेवून ते कायमचे राहिले नाहीत. रजा घेतली, मग नोकरी सोडली, म्हणजे प्रत्येक पायरी कागदावर घातली.

कायद्याची नजर आपण समजतो त्याहून बारीक आहे, आणि ती रकमेच्या आधी मोबदल्याकडे जाते. १९५७ चा कॉपीराइट कायदाच घ्या. पैनगंगेच्या पुलावर पहाटे हौसेने काढलेल्या धुक्याच्या फोटोचे पहिले मालक आपण. तोच हात, तोच कॅमेरा घेऊन कुणाच्या सांगण्यावरून, पैसे घेऊन लग्नाचे फोटो काढले, तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिली मालकी पैसे देणाऱ्याची. म्हणजे नवरीचा सुंदरसा फोटो आपल्या दुकानाच्या फलकावर लावायचा तर तिच्या घरच्यांना विचारायलाच हवे. एरवीही विचारावे, ही गोष्ट वेगळी. ड्रोनचेही तसेच. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे दोन किलोपर्यंतचा मायक्रो ड्रोन हौसेखातर उडवला तर रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. तोच ड्रोन पैसे घेऊन वरातीवर उडवला की लागते. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या चिमुकल्या नॅनोला तेवढी सूट आहे. ड्रोन बदलला नाही, आभाळ बदलले नाही. मध्ये पैसा आला आणि नाका उभा राहिला.

आता कराकडे येऊ. याच शब्दाने आपण बिचकतो, आणि बहुतेक वेळा विनाकारण बिचकतो. समजा, सरांचा पगार महिना साठ हजार, म्हणजे वर्षाचे ७ लाख २० हजार. नव्या करप्रणालीत पगारदाराची ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की उरतात ६ लाख ४५ हजार. लगीनसराईत फोटोंचे दीड लाख आले, सगळे फोन-पे, गुगल-पेवरून. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचे कलम ४४एडी म्हणते की छोट्या धंद्याने खर्चाच्या पावत्यांचा ढीग न लावता जमेचा ठरावीक हिस्सा नफा म्हणून दाखवावा: रोखीने आले त्याच्या किमान आठ टक्के, बँकेतून किंवा यूपीआयने आले त्याच्या किमान सहा टक्के. दीड लाखाचे सहा टक्के म्हणजे नऊ हजार. यातल्या ‘किमान’ या शब्दावर बोट ठेवायला हवे. खरी मिळकत जास्त असेल तर जास्तच दाखवायची. सरांनी सचोटीने ७० हजार दाखवले असे धरू. एकूण उत्पन्न झाले ७ लाख १५ हजार, आणि २०२५-२६ या वर्षात नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य. जे उत्पन्न दडवून ठेवले, त्यावर या वर्षी द्यायचे काहीच नव्हते. सांगायचे मात्र होते. सांगण्याची रीत अशी की पगारदाराचा ‘सहज’ नावाचा अर्ज, म्हणजे आयटीआर-१, आता चालत नाही, कारण त्यात धंद्याच्या उत्पन्नाला रकानाच नाही. ४४एडीने जायचे तर ‘सुगम’, म्हणजे आयटीआर-४. नावे ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी होती असे मानायला जागा आहे. (वकील, डॉक्टर, वास्तुविशारदांसाठी जे वेगळे कलम आहे, त्यात चित्रपटाचा कॅमेरामन बसतो, लग्नाचा फोटोग्राफर तिथे नावानिशी नाही. तेव्हा कुणी सल्लागार पन्नास टक्क्यांचा हिशेब सांगू लागला, तर का ते विचारावे.) आणि २०२६ च्या १ एप्रिलपासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात ‘मागील वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ हा जुना घोळ जाऊन एकच ‘कर वर्ष’ आले. उशिरा का होईना, शहाणपण सुचले.

बाकीचे दरवाजे भराभर ओलांडता येतात. घटस्थापनेपासून जीएसटीच्या नव्या दरांचा गाजावाजा चालू आहे, पण सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर आपल्या फोटोग्राफरला जीएसटीची नोंदणीच लागत नाही; उलट नोंदणी नसताना बिलात अठरा टक्के लावणे हा गुन्हा ठरतो. गाळा घेतला, बोर्ड लावला की ‘शॉप ॲक्ट’ आला. २०१७ च्या कायद्याने मोजकेच कामगार असलेल्याला फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. ‘उद्यम’ची नोंदणी आधारवर, फुकट. व्यवसाय कर वर्षाला २,५००, आणि एका माणसाकडून त्याहून जास्त घेता येत नाही, ही तर राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाचीच मर्यादा. पगारातून तो कापला जात असेल, तर पावत्या जपून ठेवाव्यात म्हणजे झाले.

खरा परवाना वेगळाच आहे आणि त्याबद्दल नाक्यावर कुणी बोलत नाही. सरकारी नोकरांच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांनी अधूनमधून केलेल्या साहित्यिक-कलात्मक कामाला मुभा दिली आहे, पण खासगी धंद्याला पूर्वपरवानगी हवी. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना १९६७ चे त्यांचे स्वतःचे नियम आहेत. कर शून्य असताना सर उत्पन्न का दडवतात, याचे उत्तर बहुधा इथे सापडते. भीती असते ती कार्यालयातल्या तक्रार-अर्जाची. म्हणून ऑर्डर मेव्हण्याच्या नावावर आणि यूपीआय बायकोच्या नंबरवर, असा संसार चालतो. मग बिलावरून वाद झाला, अल्बम उशिरा आला किंवा हार्ड डिस्क उडाली, की नेमके कोण बांधील हे ना गिऱ्हाइकाला कळत ना मेव्हण्याला.

यात सगळा दोष आपल्याला घेण्याचे कारण नाही. लाख-दीड लाखाच्या जमेसाठी पाच संकेतस्थळे, पाच पासवर्ड आणि ओटीपीची वाट पाहत सेवा केंद्राच्या बाकावर घालवलेली दुपार, हे ओझे शहराच्या मापाने बेतलेले आहे. प्रस्तुत लेखकाने एका कार्यालयात ‘छंदातून चार पैसे येतात, काय भरावे?’ असे विचारले, तेव्हा टेबलामागून उत्तर आले, “कशाला सांगता? कोण बघतंय!” नाक्यावरच्या शिपायानेच गाठोडे झाकून घ्यायला सांगावे, तसे ते होते. हिंगोलीच्या रामलीला मैदानावर दसऱ्याचे प्रदर्शन भरते. आकाशपाळणे येतात, भांड्यांची दुकाने येतात, रावण जळतो. दीडशेहून अधिक वर्षांच्या त्या उत्सवात एक टेबल मराठीत बोलणाऱ्या करखात्याच्या माणसाचे का असू नये? पाळण्याइतकी रांग लागणार नाही, हे कबूल. पण शिलाई करणारी बाई, शिकवणी घेणारा मुलगा, केक बनवणारी वहिनी आणि आपला फोटोवाला, हे सगळे एकाच नाक्यावर खोळंबलेले आहेत.

यंदाचा दसरा तसा ओलाच आहे. सप्टेंबरच्या पावसाने मराठवाड्याच्या कितीतरी शिवारांत सोयाबीन उभ्याने कुजवले, आणि आपला भागही त्यातून सुटला नाही. लगीनसराईच्या ऑर्डरींवर त्याचा परिणाम व्हायचा तो होईलच. ज्याच्या घरी पीक नाही तो कँडिड आणि प्री-वेडिंगचे नाव काढत नाही. या दिवसांत कॅमेरेवाली, मोबाइलवाली पोरे बांधावर गुडघाभर चिखलात उभी राहून शेतकऱ्यांना नुकसानीचे फोटो काढून देताना आपण पाहिली. गट नंबर, तारीख, बुडालेल्या रानाची चारी अंगे, सगळे नीट यावे म्हणून एकेका वावरात अर्धा अर्धा तास. त्याचे कुणी पैसे विचारले नाहीत आणि कुणी दिले नाहीत. ते फोटो घरचे होते.

संध्याकाळी आपट्याची पाने घेऊन आपण एकमेकांच्या दारी जाऊ. या सोन्यावर जीएसटी नाही, खऱ्यावर तीन टक्के आहे. पाटावरून उठवलेल्या कॅमेऱ्यात बॅटरी परत जाईल, झाकणावरचे कुंकू मऊ फडक्याने पुसले जाईल आणि पूजेनंतरचा पहिला फोटो बहुधा दारात उभ्या असलेल्या आईचा निघेल. लक्ष्मीपूजनाला अजून एकोणीस दिवस आहेत. नाक्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्या येऊन पडल्या असतील. त्यातली सगळ्यात पातळ पुरेल. पहिल्या पानावर ‘श्री’, खाली तारीख, आणि मग मित्राच्या वडिलांचे ते पाकीट: एक हजार एक, रोख.