टाचणवहीतली शिडी

दिवाळीत मास्तराने शाळेचे रडगाणे गाऊ नये, हे मला मान्य आहे. पण फराळाच्या ताटावर घरोघर मुलांच्या इंग्रजीची चौकशी होतेच. तेव्हा त्या इंग्रजीचे वर्गात काय होते, तेही ऐकाच.

बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९५६ साली सहकाऱ्यांसह एक ग्रंथ काढला. ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण, मूल्यमापन अशा विचारांच्या सहा पायऱ्या त्यात होत्या. २००१ मध्ये त्या सुधारल्या. 'स्मरण' तळाशी राहिले, 'निर्मिती' शिखरावर गेली. परीक्षकांना आपले प्रश्न वर्गवार लावता यावेत, हा मूळ हेतू. त्यांनी केले ते वर्गीकरण. आम्ही त्याचे वेळापत्रक केले! सोमवारी स्मरण, मंगळवारी आकलन, आणि शनिवारी, अर्धी शाळा सुटताना, निर्मिती.

एका सोमवारी सहावीत तहानलेल्या कावळ्याची गोष्ट चालली होती. वरिष्ठ मागे बसले होते. कधी तोंड न उघडणारा एक मुलगा उठला आणि अडखळत म्हणाला, "सर, व्हाय ही नॉट कॉल अदर क्रोज?" त्याच्या घराजवळच्या उकिरड्यावर एक कावळा आला की दहा येतात, हा एकटाच कसा? मी पाठ बाजूला ठेवला आणि वर्ग त्या प्रश्नामागे धावला. तपासणीचा शेरा आला : 'अध्यापन टाचणाबाहेर गेले.'

गेलेच! महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. पाच वर्षे शिकून आलेला हा मुलगा पहिल्यांदाच स्वतःचे इंग्रजी बोलला, ते विचारण्याजोगे काही सुचले म्हणून. त्याला शनिवारपर्यंत थांबवले असते, तर तो प्रश्न जन्मभर थांबला असता.

कोणी म्हणेल, शब्दच नसतील तर विचार कशात मांडणार? खरे आहे. शब्द, स्पेलिंग, क्रियापदांची रूपे घोटून घेतलीच पाहिजेत. मी रोज घेतो. टाचणही हवे, आणि ब्लूमच्या पायऱ्याही हव्यात. मास्तर नुसते पाठांतरच घेतो आहे की काय, हे त्यांवरून कळते. पण त्या मास्तराने स्वतःला तपासण्यासाठी आहेत, मुलाला अडवण्यासाठी नाहीत. 'कॉल' हा शब्द त्या मुलाने दहादा लिहिला होता. लागला तो त्या दिवशी, गरज पडली तेव्हा.

म्हणून पालकहो, आज पोराला पाहुण्यांसमोर स्पेलिंग विचारू नका. चकलीला काटे का, हे त्यालाच इंग्रजीत विचारू द्या. व्याकरण चुकेल. चुकू द्या, ते उद्या मी बघतो.