मुले विसरत नाहीत

‘नवरा घर सोडून गेला तर मुलांना सांगू नये, लहान असतात, विसरतात,’ हे मागील अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे पटले नाही. माझी हयात प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेली. चौथीतला एक मुलगा ‘बाबा दुबईला गेलेत’ असे ऐटीत सांगायचा. घरच्यांनीच तसे सांगितले होते. मग कुणीतरी त्याच्या बापाला तालुक्याच्या एसटी स्टँडवर पाहिले आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांदेखत बोलून दाखवले. पुढे तो प्रगतिपुस्तकावर आईची सही आणायचेच टाळू लागला. बाप गेल्यापेक्षा आई खोटे बोलली, हे त्याला जास्त लागले होते. शिवाय अशी मुले कारण स्वतःतच शोधतात: मी हट्ट केला, म्हणून बाबा गेले. खरे कळल्याशिवाय ते डोक्यातून जात नाही. (मोठ्यांच्या भानगडींचे तपशील मात्र नकोत.)

राहिला पैशांचा प्रश्न. राज्याच्या बालसंगोपन योजनेत एकल पालकाच्या पात्र मुलाला महिना २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा असतो. पण नवरा सोडून गेला, हे कागदावर लिहायचे कसे, म्हणून कितीतरी जणी तिथवर पोहोचतच नाहीत. वर्गशिक्षकांनी तरी त्यांना हे सांगावे.

— एक निवृत्त शिक्षिका, सातारा